जर्मनीला निघालेल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन मास्टर्ससाठी जर्मनीत येणाऱ्या मुलामुलींना मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो. येथील पदवीपेक्षा, ती मिळवताना तुम्ही जर्मन किती शिकलात आणि प्रत्यक्ष काम किती केलेत, यावर पुढचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

निघण्यापूर्वी एसएसएलसीची (दहावीची) मार्कशीट, व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे) पदवी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांवरील नाव तंतोतंत जुळते का, ते पाहा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचे नाव गाळलेले, तिसरीकडे नुसते आद्याक्षर, असा घोळ आपल्याकडे सर्रास आढळतो आणि एपीएस या भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन कक्षाची पडताळणी किंवा बंगळुरूच्या वकिलातीतील व्हिसा त्यापायी रखडू शकतो. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२.

आल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, तो खोली ठरवतानाच मागून घ्या. त्याच दिवशी टपालपेटीवर आपले नाव चिकटवा. करक्रमांक, विम्याचे कार्ड, बँकेची पत्रे, सारे टपालानेच येते आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो. करक्रमांकावाचून पगाराचे गणित बिघडते.

आता मुख्य मुद्दा. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने जर्मनवाचून भागेल, असे पहिल्या सत्रात वाटते. परंतु कारखान्यातील बैठक, फोरमनची सूचना आणि जेवणाच्या सुट्टीतील गप्पा जर्मनमध्येच होतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी वाढ झालेल्या सीमाभागातील मुलांनी चौथ्या भाषेला घाबरण्याचे काहीच कारण नाही. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. ते दिवस शक्यतो उपाहारगृहात न घालवता विषयाशी निगडित विद्यार्थी-नोकरीत घालवा, कारण पुष्कळदा त्याच कंपनीत प्रबंध आणि पुढे कायमची नोकरी मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम केले असेल, तर कोणते यंत्र चालवले, कोणता भाग बनवला, हे अर्जात ठळकपणे लिहा. येथे त्याची किंमत जाणतात.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. येथील पदवीधराला पात्रतेच्या नोकरीत दोन वर्षे झाल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यालाही बी१ पातळीची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती, जर्मन लागते.

हे वेळापत्रक आईवडिलांपुढे आधीच मांडा. शेत तारण ठेवून कर्ज काढले असेल, तर विद्यार्थी असेपर्यंतच्या कमाईतून त्याचे हप्ते फिटणार नाहीत, हे त्यांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा.