साक्ष तीन मिनिटांची, तयारी रोजची

साक्ष म्हणजे येशूवरच्या विश्वासाने आपल्या आयुष्यात काय घडलं ते दुसऱ्याला सांगणं. ती सांगताना माणसं साधारण दोन जागी अडखळतात. एकतर सांगायला ताजं काही नसतं, म्हणून दहा वर्षांपूर्वीचाच प्रसंग पुन्हा बाहेर निघतो. किंवा ताजं असतं, पण ते मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या, अशा भाषेत येतं की बाहेरच्या माणसाला त्यातलं निम्मं कळत नाही. पहिल्या दुखण्याचा इलाज सकाळच्या वाचनात आहे, दुसऱ्याचा वही-पेनात.

आधी वाचन. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, 27 पुस्तकं आणि 260 अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय वाचला, तर 52 आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो, आणि चुकलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस हातात राहतात. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे सगळं बायबल, वाचायचा संकल्प पुष्कळजण करतात. ते 1189 अध्याय होतात, म्हणजे रोज तीन-चार. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते झपाट्याने होतं; दुसऱ्या, निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की वेग मंदावतो आणि तिसऱ्या, लेवीयात गाडी थांबते. यात विश्वास कमी पडण्याचा काही संबंध नाही. गोष्ट संपून नियमावली सुरू होते आणि नव्या वाचकाला ती कशी वाचायची हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून सुरुवात मार्कपासून, नव्या करारातल्या येशूच्या एका चरित्रापासून, करा. 16 अध्याय, मोठ्याने वाचले तरी साधारण दीड तासात होतात.

रोज वीस मिनिटं पुरतात. उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग वहीत चार ओळी: काय घडलं, यात प्रभू कसा दिसतो, कुठे अडलं किंवा टोचलं, आणि आज काय करायचं. उदाहरणार्थ मार्क 10 घ्या. वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवं असणार हे तर उघड आहे, तरी विचारतो. थोडं वर सरका: त्याच अध्यायात याकोब आणि योहान या शिष्यांनाही त्याने हाच प्रश्न केला होता, आणि त्यांनी मागितल्या मानाच्या जागा. दोन उत्तरं शेजारी ठेवली की तिसरी ओळ आपोआप लिहून होते. चौथी ओळ मात्र नेमकी हवी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ हे रात्री तपासता येत नाही. ‘संध्याकाळी सहाला आजारी मित्राला फोन करीन आणि सल्ला देण्याआधी त्याला काय हवंय ते विचारीन’ हे तपासता येतं.

प्रार्थनेत मन भरकटतं ही सगळ्यांचीच तक्रार. प्रभूच्या प्रार्थनेतलं, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतलं, एकेक वाक्य घेऊन त्याखाली आपलं मागणं हलक्या आवाजात बोलून मांडा. शेजारी एक कागद ठेवा. राहिलेली कामं आठवली की त्यावर लिहून मोकळं व्हायचं. ज्यांच्याशी विश्वासाबद्दल बोलावंसं वाटतं अशांची नावं तीनच ठेवा. तीस नावांची यादी नुसती वाचली जाते. आणि त्यांच्या तारणासोबत, म्हणजे पापातून सुटकेसोबत, त्यांच्या नोकरीसाठी, पाठदुखीसाठीही मागा, नाहीतर माणूस दिसेनासा होतो. आठवड्यातून एकदा विश्वासातल्या एखाद्या जवळच्या व्यक्तीला वहीतल्या चौथ्या ओळी वाचून दाखवा, न जमलेल्यासुद्धा.

आता साक्ष. ती आधी लिहून काढा: साडेतीनशे शब्दांच्या आसपास, मग घड्याळ लावून मोठ्याने वाचा. बांधणीसाठी नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 26वा अध्याय पाहा. अग्रिप्पा राजापुढे प्रेषित पौल आधी आपलं पूर्वायुष्य सांगतो, मग दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरची येशूची भेट, मग त्यानंतर काय झालं ते. हे तीन भाग पुरेसे आहेत. चूक बहुधा पहिल्या भागात होते: जुन्या पापांचं वर्णन इतकं रंगतं की ऐकणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं. तिसऱ्या भागातली चूक याहून वाईट, ‘आता सगळं छान आहे’. ते खरं नसतं आणि तुम्हाला ओळखणाऱ्यांना ते माहीत असतं. अजून काय जड जातं, तेही एका वाक्यात सांगा.

हीच घटना पौल त्याच पुस्तकाच्या 22व्या अध्यायातही सांगतो, पण समोर यरुशलेमचा जमाव असतो. तिथे तो त्यांच्या भाषेत बोलतो, गुरू म्हणून गमलिएलाचं नाव घेतो आणि त्या भेटीनंतर आपल्याकडे आलेला हनन्या नियमशास्त्र पाळणारा, लोकांत नाव असलेला माणूस होता हे आवर्जून सांगतो. अग्रिप्पापुढे हनन्याचा उल्लेखच नाही. घटना तीच, निवड वेगळी. तुम्हीही ऐकणारा कोण आहे ते पाहून तपशील निवडा. वाढवू मात्र नका.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही घडलंच नाही. पौलाचा सहकारी तीमथ्य याचा विश्वासही आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला. अशांनी घरचा विश्वास आपला स्वतःचा कधी झाला तो एक प्रसंग सांगावा, किंवा सरळ गेल्या महिन्यातली एखादी गोष्ट. योहान 9 मधल्या, दृष्टी मिळालेल्या माणसाने कसं केलं? जे ठाऊक होतं ते सांगितलं, आणि येशू कुठे आहे असं विचारल्यावर सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणाला.

लिहून झाल्यावर मंडळीबाहेरच्या माणसाच्या कानाने वाचा. ‘तारण’ म्हटलं की त्याला कर्जासाठी ठेवलेलं तारण आठवतं. ‘वचन’ आपल्यासाठी बायबलमधला शब्द, त्याच्या लेखी दिलेला शब्द. ‘माझ्या मनात तुमच्यासाठी ओझं आहे’ (म्हणजे तुमची काळजी वाटते) हे ऐकून तर तो माफीच मागेल. सगळ्यात घोटाळ्याचा शब्द ‘नवा जन्म’, म्हणजे याच आयुष्यात विश्वासाने मिळणारं नवं जीवन: समोरचा हमखास पुनर्जन्म समजतो. येशूच्या तोंडून तो ऐकून निकदेम हा यहूदी पुढारीही गोंधळलाच होता, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार म्हणून. असे शब्द गाळा किंवा तिथल्या तिथे साध्या वाक्यात उलगडा.

प्रत्यक्ष बोलताना प्रश्न आधी, साक्ष नंतर. कृत्ये 8 मध्ये फिलिप्प रथातल्या इथियोपियाच्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा एवढंच विचारतो, जे वाचता ते समजतं का? आणि तो जो यशया संदेष्ट्याचा उतारा वाचत असतो तिथूनच पुढे बोलतो. समोरच्याने विषय काढला, किंवा ‘सांगू का?’ या प्रश्नाला हो म्हटलं, की तीन मिनिटं तुमची. मध्येच कोणी टोकलं तरी आवाज चढवू नका. अग्रिप्पापुढच्या त्याच भर सभेत रोमी सुभेदार फेस्ताने ‘तू वेडा आहेस’ म्हटल्यावरही पौल त्याला आदरानेच संबोधतो.

पुढे उत्सुकता दिसली तर पुस्तकं हातात कोंबू नका, चार आठवडे एकत्र वाचायला बोलवा. दर वेळी पाऊण तास, एकच उतारा: मार्क 2:1–12, 4:35–41, 10:46–52, आणि शेवटी 15:21 ते 16:8. काय घडतं, कशाचं नवल वाटतं, येशूबद्दल काय कळतं, एवढेच प्रश्न. उत्तर समोरच्या पानातूनच शोधायचं. तुम्ही मध्येच पौलाच्या रोमकरांस पत्रात उडी मारलीत की पाहुणा प्रेक्षक होतो. तुम्ही निम्म्याहून कमी बोला. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि पुढच्या आठवड्यात खरोखर शोधून आणा. वेळ संपली की थांबा, रंगात आलेलं असलं तरी.

दुसऱ्याच्या दैवतांवर टीका करून कोणी प्रभूकडे वळत नाही. पौलाच्या प्रचारावरून इफिस शहरात दंगा झाला तेव्हा तिथल्या नगराधिकाऱ्यानेच जमावाला सांगितलं की पौलाच्या या सोबत्यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. बरं होण्याची, नोकरीची हमी देऊ नका. मदत केली तर ती साक्षीपासून वेगळी ठेवा, आधी किंवा नंतर काही अपेक्षा न लावता. दुसऱ्यांच्या मुलांशी आईवडिलांच्या संमतीशिवाय हा विषय नको. आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला सोबत हवी असते; त्याने विचारलं तरच बोला. आणि कोणी नको म्हणालं की विषय तिथेच बंद, मैत्री चालू. विषयाबरोबर तुमचं येणं-जाणंही थांबलं, तर आपण यांच्या यादीतलं एक नाव होतो हे त्याला कळतंच.

चार आठवड्यांनंतर त्याला उपासनेला यावंसं वाटलं तर तिथे काय होतं ते आदल्या दिवशी सांगा: किती वेळ लागतो, कधी उभं राहतात, गाणं येत नसेल तर गप्प राहिलं तरी चालतं, दानाची थैली पुढे आली तर काही टाकावं लागत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, वेळी पाहुण्याने काय करायचं हे पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आधीच विचारून ठेवा, आणि त्या वेळी त्याच्या शेजारीच बसा.