जवान आणि पोर: युद्धातल्या दोस्तीची एकांकिका गावात बसवताना

कोकणाला पलटण परकी नाही. माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. म्हणून गोष्ट इटलीतच घडवा. जवान आपल्याकडचा, पोर तिथलं. मात्र कल्पित जवानाला खऱ्या वीराचं नाव देऊ नका.

पोराचं काम सात-आठ वर्षांच्या मुलाला द्या. बारा वर्षांचा मुलगा लहान असल्याचं सोंग करतो आणि ते दिसतं. त्याच्या तोंडी दोनच शब्द पुरे: 'पाने' म्हणजे पाव, 'आक्वा' म्हणजे पाणी. जवान आपल्या बोलीतच बोलेल.

पहिल्या पाच मिनिटांत जवानाचा कंठ दाटला की एकांकिका तिथेच कोसळली. तालमीत खडूने अंतरं आखून घ्या. पहिल्या भेटीत दोघांत दहा फूट. जवान पोराला हाकलतो, आणि का ते प्रेक्षकाला कळलंच पाहिजे: खंदकाजवळ पोर वावरलं तर शत्रूला जागा कळते. दुसऱ्या भेटीत सहा फूट. जवान अर्धी चपाती दगडावर ठेवतो, पाठ फिरवतो, रायफल पुसत बसतो. पोर चपाती उचलेपर्यंत त्याने वळायचं नाही. इथे नट हमखास हसतो. ते हसू काढूनच टाका. चपाती खरी, सकाळची, जरा वातड हवी. ताजी मऊ चपाती पोर दोन घासांत संपवतं आणि प्रसंग हातचा जातो. तिसऱ्या भेटीत हातभर अंतर. पोर झोपतं, जवान कांबळं पांघरतो. मिठी नको.

रायफल पांगाऱ्याच्या लाकडाची करा, लांबी 44 इंच. पांगारा हलका, आणि खरी रायफल जवळपास 4 किलोची. नट ती काठीसारखी फिरवू लागला की सगळं खोटं वाटतं. म्हणून दस्त्यात लोखंडी सळीचे तुकडे बसवून वजन दोन किलोंवर न्या.

खंदकाच्या गोण्यांत वाळूऐवजी भाताचं तूस भरा, म्हणजे दोघेजण झटपट हलवतील. तूस कडक वाळलेलं हवं. दमट राहिलं तर बुरशी धरते आणि पोर शिंकत राहतं.

तोफेसाठी चार फुटी पातळ पत्रा विंगेत टांगून हलवा. फटाका अजिबात नको. पोर खरंच घाबरतं आणि पुढचं सगळं विसरतं. पहिल्या तालमीलाच पत्रा त्याच्या हाताने वाजवून घ्या.