तुमच्या गाडीची कोणती चाकं इंजिनाला जोडलेली आहेत, ते कसं ओळखावं

गाडी बंद पडली आणि टोइंगवाला आला की त्याचा पहिला प्रश्न असतो: फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, रिअर आहे की फोर बाय फोर (म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागची की चारही)? उत्तर चुकलं तर गिअरबॉक्सला जोडलेली चाकंच रस्त्यावर फिरत जातात आणि आतल्या भागांना तेल न मिळाल्याने गिअरबॉक्स खराब होतो. टायर बदलताना, डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरसंचाचं) ऑइल तपासताना, बर्फात साखळ्या चढवताना आणि वापरलेली गाडी घेताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

सगळ्या खुणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ज्या चाकाला इंजिन फिरवतं, त्या चाकाच्या बरोबर मध्यापर्यंत एक फिरणारा दांडा पोचलेला असतो. तो दांडा सापडला की प्रश्न सुटला. बॅज, बटणं, बॉनेटखालचं इंजिन यावरून फक्त अंदाज बांधता येतो.

आधी मॅन्युअल उघडा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांत कुठलं ऑइल किती लागतं याचा तक्ता असतो. तिथे तुमच्या मॉडेलसमोर ‘रिअर डिफरन्शियल ऑइल’ दिलेलं असेल तर मागच्या चाकांकडे ताकद जाते. ‘ट्रान्सफर केस ऑइल’ही (ट्रान्सफर केस म्हणजे ताकद पुढे आणि मागे वाटणारी पेटी) असेल तर गाडी चारही चाकांची. दोन्ही नसतील तर बहुधा फ्रंट व्हील ड्राइव्ह. मात्र एकाच मॅन्युअलमध्ये अनेक व्हेरियंट छापलेले असतात, त्यामुळे ओळीपुढचं ‘फक्त ४डब्ल्यूडी’ (फोर व्हील ड्राइव्ह) असं बारीक अक्षरातलं लिखाण वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. चेसिस नंबरच्या १७ अक्षरांमध्येही काही कंपन्या ड्राइव्हचा प्रकार नोंदवतात, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असल्याने तो त्यांच्या सर्व्हिस सेंटरकडूनच तपासून घ्यावा.

बॅज आणि बटणं किती मानायची

क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, फोरमॅटिक, फोरमोशन, एडब्ल्यूडी, ४×४ या नावांचा अर्थ चारही चाकं. बॅज मात्र काढता येतो आणि नवा चिकटवताही येतो. शिवाय काही नावं दिशाभूल करतात. बीएमडब्ल्यूचं ‘एसड्राइव्ह’ म्हणजे फक्त दोन चाकं, पण कोणती दोन ते त्यातून कळत नाही. एक्स१ च्या पहिल्या पिढीत एसड्राइव्ह म्हणजे मागची चाकं होती, २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत तेच नाव पुढच्या चाकांना लागलं.

गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा किंवा फिरवायची कळ असेल आणि त्यावर २एच (दोन चाकं), ४एच (चारही चाकं), ४एल (चारही चाकं, कमी गतीचा गिअर) लिहिलेलं असेल तर शंका उरत नाही, ती खरी फोर बाय फोर आहे. उलट डोंगर उतरताना वेग धरून ठेवणारं बटण किंवा ‘स्नो, मड, सँड’ असे मोड हा कसलाच पुरावा नाही. हे मोड ब्रेक आणि इंजिन यांच्यावर चालतात आणि निव्वळ फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांतही दिले जातात. वापरलेली गाडी घेताना इथेच सर्वांत जास्त फसगत होते.

बॉनेटखाली

इंजिनाचे पट्टे कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. पट्टे डाव्या किंवा उजव्या चाकाकडे तोंड करून असतील तर इंजिन आडवं बसवलेलं आहे. १९५९ च्या मिनीमुळे ही रचना लोकप्रिय झाली आणि आज बहुसंख्य लहान गाड्यांत तीच असते. आडवं इंजिन पुढे असेल तर पुढची चाकं जोडलेली आहेत, हे जवळजवळ नक्की समजा. मागचीही जोडलेली आहेत का, ते गाडीखाली पाहिल्यावरच कळेल.

पट्टे रेडिएटरकडे तोंड करून असतील तर इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं आहे. अशा गाड्या बहुधा रिअर व्हील ड्राइव्ह किंवा फोर बाय फोर असतात. पण ऑडीच्या ए४, ए६ सारख्या गाड्यांत इंजिन उभं असूनही साध्या व्हेरियंटमध्ये पुढचीच चाकं फिरतात, आणि सुबारूच्या बहुतेक गाड्यांत उभ्या इंजिनाबरोबर चारही चाकं. इंजिन मागच्या बाजूला असेल तर मागची चाकं जोडलेली असतातच.

गाडीखाली: खरं उत्तर इथे आहे

यासाठी जॅक लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, सायलेन्सर थंड होऊ द्या (चालवून आल्यावर किमान एक तास), मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा आणि हात बाजूनं गाडीखाली घालून पुढून मागे सावकाश फिरवा. मग व्हिडिओ निवांत थांबवत पाहा.

सुरुवात पुढच्या चाकापासून करा. स्टीयरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकामागे डोकावा. चाकाच्या मध्यभागी जाणारा बोटापेक्षा जाड दांडा आणि त्याच्या टोकाला घड्या असलेलं काळं रबरी बूट दिसलं तर पुढची चाकं जोडलेली आहेत. तिथेच टाय रॉडही (स्टीयरिंगनं चाक वळवणारा दांडा) असतो आणि त्याच्या आतल्या टोकालाही घड्यांचं लहान बूट असतं, म्हणून गल्लत होते. फरक असा: टाय रॉड सडपातळ असतो आणि चाकाच्या मध्याच्या पुढे किंवा मागे जोडलेला असतो, मध्यात कधीच नाही. काही फोर बाय फोर गाड्यांत पुढे अखंड नळीसारखा अ‍ॅक्सल असतो, दांडा त्या नळीच्या आत फिरतो आणि नळीचा फुगीर गोळा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसतो.

आता मध्यभाग. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट शोधा. लोक सायलेन्सरच्या पाइपलाच शाफ्ट समजतात. पाइप वळणं घेतो, रबरी कड्यांवर लटकतो, मध्ये डबा असतो आणि वर उष्णतेचा पत्रा असतो. प्रोपेलर शाफ्ट सरळसोट गोल नळी असते, टोकांना युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस किंवा बोल्ट मारलेले फ्लँज असतात. नळीवर नाण्याएवढी छोटी पत्र्याची चकती वेल्ड केलेली दिसली तर ती तोल साधायला लावलेली असते आणि मग तो शाफ्टच. खालून प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते न उचकटता थेट मागचा भाग पाहा.

मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा लोखंडी गोळा दिसला तर ते डिफरन्शियल. त्याच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या किंवा बूट लावलेले दांडे चाकांपर्यंत जातात. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत मागे बहुधा फक्त एक आडवी तुळई असते, बहुतेकदा खालून उघडी, पन्हाळीसारखी. तिला अ‍ॅक्सल समजू नका. मध्ये गोळा नाही म्हणजे ताकद नाही.

पुढे दांडे, मागे काही नाही: फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढे काही नाही, मागे शाफ्ट आणि गोळा: रिअर व्हील ड्राइव्ह. दोन्हीकडे असेल तर चारही चाकं.

सीटांमधला जमिनीवरचा उंचवटा मोजायच्या भानगडीत पडू नका. तो सायलेन्सरसाठी आणि बॉडी मजबूत करण्यासाठीही ठेवतात.

इलेक्ट्रिक गाडीत लांब शाफ्ट मुळातच नसतो, तिथे फक्त दांडे मोजा: पुढे, मागे की दोन्हीकडे. काही हायब्रिडमध्ये पुढची चाकं इंजिन फिरवतं आणि मागची वेगळी मोटर. अशा गाडीत प्रोपेलर शाफ्ट सापडणार नाही, पण मागच्या चाकांना दांडे असतील आणि मोटरकडे जाणारी जाड नारिंगी केबल दिसेल. ती हाय व्होल्टेज केबल आहे, हात लावायचा नाही.

शंका उरली तर जॅकची चाचणी

इंजिन बंद ठेवूनच करायची. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही.

१. सपाट, टणक जागा. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

२. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावून पुढचं फक्त एक चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचला.

३. न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरवा. मग पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’) आणि पुन्हा फिरवा.

न्यूट्रलमध्ये फिरतं पण गिअर टाकल्यावर थोडंसं हलून अडतं, तर ते चाक जोडलेलं आहे. दोन्ही वेळा मोकळं फिरलं तर पुढे ताकद नाही, किंवा गाडी पार्ट टाइम (हवं तेव्हाच चारही चाकं जोडणारी) फोर बाय फोर असून सध्या २एचवर आहे.

मागच्या चाकाची चाचणी करण्याआधी एक धोका नीट समजून घ्या. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, म्हणून तो या चाचणीसाठी सोडावा लागतो. आणि रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचं एक मागचं चाक हवेत असताना गिअर किंवा ‘पी’ गाडी धरून ठेवत नाही. डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पक्के ठोकळे नसतील तर ही चाचणी सोडून द्या, व्हिडिओवर भागवा. इंजिन चालू करून उचललेली चाकं फिरवून पाहणं तर कधीच नको. चारही चाकांची गाडी असेल तर जमिनीवरची चाकं ओढ घेऊन गाडी जॅकवरून उडी मारते.

चारही चाकं, पण कोणत्या प्रकारची

२एच असलेली गाडी पार्ट टाइम. ४एच मध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि कोरड्या डांबरावर हा फरक घसरून भरून निघत नाही. स्टीयरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. म्हणून ४एच चिखल, वाळू, बर्फासाठीच.

गिअरशेजारी दुसरा दांडा किंवा कळ नाही, इंजिन आडवं आणि मागे शाफ्ट आहे, तर ती गरजेपुरती मागची चाकं जोडणारी एडब्ल्यूडी. मागच्या डिफरन्शियलजवळ क्लचचा संच असतो. अशी गाडी दोन चाकं उचलून ओढली तर हा क्लच तापून जळतो, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा. इंजिन उभं, गिअरशेजारी तो दुसरा दांडा नाही आणि दोन्हीकडे शाफ्ट असतील तर बहुधा सतत चारही चाकांची.

एडब्ल्यूडीत टायर एकेक करून बदलू नका. नवा आणि झिजलेला टायर यांचा घेर वेगळा असल्याने सरळ रस्त्यावरही क्लच किंवा मधलं डिफरन्शियल सतत राबत राहतं. चारही टायरच्या खाचांची खोली मोजा. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि नसेल तर २ मिलिमीटरच्या आत ठेवा.