पाठांतर कसं करून घ्यावं, आणि स्मृतीच्या सिद्धांतांवर किती विसंबावं

मी घरी नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. पहिली २० मूलद्रव्यं पाठ करायची तर आधी चार-चारचे तुकडे पाडा: हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बस्स. एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात, याचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये सांगितलेला 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा मुलांना जड जातो. नेल्सन कोवानने २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला, तोच मला पटतो.

मग पुस्तक मिटायला लावा आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून घ्या. अडलं तरी लगेच सांगू नका.

घोकून घेण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या मांडणीत उजळणी केलेली माहिती अल्पकालीन स्मृतीतून दीर्घकालीन स्मृतीत जाते. पण १९७० मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी असा रुग्ण दाखवला, ज्याला जेमतेम एक-दोन आकडे धरून ठेवता येत, तरी नवं शिकणं शाबूत होतं. म्हणजे वाट एकच नाही. माझ्याकडचा एक मुलगा 'सोडियम, मॅग्नेशियम' तासभर घोकून दुसऱ्या दिवशी सोडियमलाच अडला. मी त्याच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. म्हटलं, "यातला सोडियम अकरावा, क्लोरीन सतरावा." ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने घ्या. शिकलेलं दिवसागणिक किती विसरतं हे दाखवणारा मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख वेळापत्रकासारखा भिंतीवर लावू नका. १८८५ मध्ये छापलेले ते प्रयोग त्याने एकट्या स्वतःवर केले होते, तेही निरर्थक अक्षरांवर. मीठ निरर्थक नसतं.