पहिल्यांदा कोर्ट कमिशनर म्हणून जाताना

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी कोर्ट कमिशनर म्हणून, म्हणजे कोर्टाच्या वतीने वादातली जागा पाहून अहवाल देण्यासाठी, माझी पहिली नेमणूक झाली. दावा जुन्या वाड्यातल्या भाडेकरू आजींचा होता. मालकाने शेजारी नव्या बांधकामासाठी पाया खोदला आणि त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भेगा पडल्या, असे त्यांचे म्हणणे. मालक म्हणत होता की भेगा जुन्याच आहेत. एका दुपारी मी जाऊन भिंत पाहिली, रात्री बसून तीन पानांचा अहवाल लिहिला आणि दुसऱ्या दिवशी दाखलही केला. काम झाले असे मला वाटले. चार महिन्यांनी मालकाच्या वकिलांनी कोर्टाची परवानगी घेऊन मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावले.

माझ्या अहवालात एक वाक्य होते : 'स्वयंपाकघराच्या भिंतीस मोठ्या व धोकादायक भेगा पडल्या असून त्या अलीकडील खोदकामामुळे पडल्याचे दिसते.' सगळा उलटतपास या एका वाक्यावर झाला. मोठ्या म्हणजे किती? मोजल्या का? नाही. तुम्ही इंजिनिअर आहात का? नाही. मग धोकादायक कशावरून? खोदकाम होताना तुम्ही पाहिले होते का? नाही. मग हे तुम्हाला कोणी सांगितले? आजींनी. कोर्टाने अहवाल असमाधानकारक ठरवला आणि दुसऱ्या कमिशनरकडून नव्याने पाहणी करून घेतली. त्यात आजींचे जवळजवळ वर्ष गेले. मधला एक पावसाळा त्यांनी त्याच भिंतीला टेकलेल्या ओट्यावर स्वयंपाक करत काढला. त्याचे मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच नव्याने या कामाला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

दुसरे कमिशनर मुरलेले वकील होते. त्यांचा अहवाल आल्यावर मी त्यातला एक परिच्छेद वहीत उतरवून घेतला. त्यात माझ्या 'भेगा' दोन वेगळ्या भेगा झाल्या होत्या. पहिली खिडकीच्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेलेली. लांबी ९४ सेंमी, रुंदी कोपऱ्याशी ४ मिमी, मध्यावर २ मिमी, छताजवळ १ मिमीपेक्षा कमी. कडा स्वच्छ, आतला गिलावा पांढरा, भिंतीचा निळा रंग भेगेत उतरलेला नाही, खाली ओट्यावर गिलाव्याचा चुरा. दुसरी दाराच्या डावीकडे, उभी, लांबी ६० सेंमी. हिच्या आत निळा रंग उतरलेला, कडा गुळगुळीत, वरच्या टोकाला कोळिष्टक. खोदकामाबद्दल एक अक्षर नाही. पण वाचणाऱ्याला कळते की दुसरी भेग रंगाच्या आधीची आहे आणि पहिली नंतरची. रंग कधी दिला ते पुराव्यात आलेलेच होते. दोन्ही पक्षकार आपापल्या जागी थोडे थोडे खरे बोलत होते, आणि मी ते सगळे एका अनेकवचनात गुंडाळून टाकले होते.

या कामाचा कायदा थोडक्यात सांगते, कारण तो वाचायला अर्धा तास पुरतो आणि तो अर्धा तास मी तेव्हा काढला नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २६, नियम ९ हा स्थळपाहणीसाठीच्या कमिशनचा. नियम १० नीट वाचा. तुमचा सहीचा अहवाल दाव्यात पुरावा ठरतो, तुम्हाला कोर्टात तपासता येते, आणि कोर्टाचे समाधान झाले नाही तर पुढील चौकशीचा हुकूम होऊ शकतो. नियम १६ तुम्हाला कोर्टाच्या नेमणुकीच्या आदेशात नमूद असलेल्या जागेत वाजवी वेळी शिरण्याचा अधिकार देतो. नियम १८ प्रमाणे पक्षकारांनी तुमच्यासमोर हजर राहायचे असते, न राहिल्यास तुम्ही त्यांच्या गैरहजेरीत काम करू शकता. खर्चाची रक्कम कोर्टात जमा होते. पक्षकाराकडून हातात काहीही घेऊ नका, त्याच्या गाडीतून जाऊ नका, आणि कितीही प्रेमाने दिला तरी कोणाच्याच घरचा चहा घेऊ नका. आजींनी मला चहा दिला होता आणि मी घेतला होता. उलटतपासात तोही निघाला.

गैरहजेरीत काम करता येते म्हणून नोटिशीत ढिलाई चालत नाही. तारीख, वेळ आणि जागा लिहून दोन्ही वकिलांना लेखी नोटीस द्या, पोच घ्या, ती अहवालाला जोडा. 'फोनवर सांगितले होते' याला रेकॉर्डवर काही किंमत नसते. जाण्याआधी दावा, कैफियत (म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि नेमणुकीचा आदेश तिन्ही वाचा. काही ज्येष्ठ म्हणतात की कैफियत वाचली की मन एका बाजूला कलते, फक्त आदेश वाचून जावे. मला ते पटत नाही. भांडण नक्की कशावर आहे हेच माहीत नसेल तर रंग भेगेत उतरला आहे का, हे पाहायचे सुचणारच नाही. अहवाल मात्र आदेशातल्या मुद्द्यांपुरताच आणि त्याच क्रमाने लिहा.

जागेवर पोहोचलात की सुरू केल्याची वेळ, उजेड कसा आहे, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हे आधी टिपा. ओलीच्या दाव्यात पावसाची नोंद नसेल तर बाकीच्या नोंदी अर्ध्याच राहतात. मग हजर माणसांची नावे आणि सह्या. कोणी सही द्यायला नकार दिला तर तसे लिहा, वाद घालू नका. त्यानंतर नजरी नकाशा, म्हणजे जागेवर हाताने काढलेला आराखडा : उत्तर दिशा, चतुःसीमा, खोल्या आणि टेपने घेतलेली मापे. खोलीत नेहमी एकाच क्रमाने फिरा. मी दारातून आत आल्यावर डावीकडच्या भिंतीपासून सुरू करते आणि फिरून दाराशी येते, मग छत, मग जमीन. जिथे काही बिघाड नाही तेही लिहायचे. 'उत्तरेकडील भिंतीस तडा किंवा ओल आढळली नाही' हे वाक्य पुढे कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतेच, आणि ते नसेल तर ती भिंत तुम्ही पाहिलीच नाही असे धरले जाते.

सगळ्यात जास्त जपायचे ते शब्दांना, कारण काही साध्या शब्दांच्या पोटात आख्खा निकाल असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे जागा खाली करून मागण्याचे एक कारण आहे. अशा दाव्यात तुम्ही 'पक्के बांधकाम आढळले' लिहिलेत की न्यायाधीशांचे काम तुम्हीच करून बसलात. विटा आहेत की प्लायवूड, सांधा सिमेंटचा की नटबोल्टचा, भिंत फरशीवर उभी आहे की फरशी फोडून खाली गेली आहे, वर छताला टेकते की हातभर अंतर आहे, एवढे लिहा. 'ताबा' हा शब्दही तसाच. दोघेही कानाशी येऊन म्हणतील, 'मॅडम, ताबा आमचा आहे असं लिहा.' ताबा कोणाचा हे ठरवायला तुमची नेमणूक नाही. खोलीला कुलूप होते, किल्ली अमुक एकाने आणून उघडली, आत कपाट, दोन गाद्या आणि शिलाई मशीन दिसले, हे लिहा. ते जे सांगतात ते वेगळ्या परिच्छेदात, 'वादीने सांगितले की' अशी सुरुवात करून. आणि खोली उघडून द्यायला कोणी तयार नसेल तर कुलूप तोडू नका. तशी नोंद करून कोर्टाकडे परत या आणि पुढचा आदेश मागा.

भेग कशामुळे पडली, इमारत किती दिवस टिकेल, हे प्रश्न अभियंत्याचे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते, तुमची टेप तिथे कामाची नाही. आदेशातच असा प्रश्न घातलेला असेल तर तज्ज्ञाची गरज असल्याचे कोर्टाला लेखी कळवा. त्यात कमीपणा नाही.

फोटोंबद्दल मी थोडी कडक आहे. प्रत्येक जागेचे तीन फोटो : आख्खी भिंत, मग बिघाडाचा भाग, मग जवळून, मोजपट्टी लावून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही भिंतीचा असू शकतो. प्रत्येक फोटोला क्रमांक आणि नकाशावर तोच क्रमांक, कुठे उभे राहून काढला त्या दिशेच्या बाणासह. मूळ फाइल कापू नका, उजळ करू नका, व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून तीच प्रत जोडू नका, कारण तिथे फाइल लहान होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण, लिहावी लागते, आणि फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी ती बदलते.

निघण्याआधी जागेवरची टिपणे दोन्ही बाजूंना वाचून दाखवा. कोणी म्हणाले, 'हा कोपरा राहिला', तर परत जा आणि तो पाहा. संपवल्याची वेळ लिहा, सह्या घ्या. अहवाल त्याच रात्री लिहायला घ्या, कोर्टाने दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण कुठली ओल कुठल्या भिंतीवर होती हे चार दिवसांत मनात सरमिसळ होते. जे मोजायचे राहिले ते 'मोजले नाही' असेच लिहा, अंदाजाचा आकडा घालू नका.

अहवाल दाखल झाल्यावर हरकती येतील, कधी दोन्ही बाजूंकडून. साक्षीला जाताना जागेवरची मूळ वही बरोबर न्या. निकालानंतरही ती आणि मेमरी कार्ड टाकून देऊ नका, अपील होते आणि वर्षांनी विचारणा येते. माझ्याकडे पहिल्या कामापासूनच्या सगळ्या वह्या आहेत. आजींच्या वाड्याची वही तळाशी आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी तिच्यात दीड ओळ आहे आणि एकही माप नाही.