सोसायटीत ‘सर्वधर्मसमभाव’ करायला निघालात? आधी या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी गेली चौदा वर्षं सांस्कृतिक समितीवर आहे. त्यातली आठ वर्षं सचिव, म्हणजे खुर्च्या मोजणारा. दरवर्षी समितीत दोन-तीन नवे उत्साही येतात आणि पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतं, “या वर्षी काहीतरी सर्वधर्मसमभाव करूया.” की मला आमची २०२३ची इफ्तार आठवते.

घड्याळ न बघता ठरवलेली इफ्तार

क्लब हाउस घेतलं, दीडशे माणसांचं जेवण सांगितलं, फ्लेक्स छापला. वेळ रात्री ८. कारण लोक ऑफिसातून उशिरा येतात, त्यात घोडबंदरचा ट्रॅफिक, आणि प्रमुख पाहुण्यांना साडेसातच्या आधी सवड नव्हती. एप्रिलमध्ये आपल्याकडे सातला पाच-सात मिनिटं असताना सूर्य मावळतो. रोजा तेव्हा सोडतात. पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत नाहीत. बी विंगमधल्या चाचांनी आणि त्यांच्या दोन नातवंडांनी खाली पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर खजुराचा डबा ठेवून रोजा सोडला, घरी जाऊन नमाज पढली आणि आठला नीट कपडे करून वर आले. पाहुणे आले आठ वीसला. मग फोटोसाठी त्यांनी चाचांना पुन्हा खजूर भरवला. चाचांनी खाल्लाही, माणूस सभ्य. त्या फ्लेक्सचं प्रूफ मीच तपासलं होतं. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. वेळेकडे लक्षच गेलं नाही.

गंमत पुढेच आहे. त्या संध्याकाळी आमची जैन कुटुंबं आली नाहीत, आणि लगेच “त्यांचा विरोध आहे” अशी कुजबुज सुरू झाली. विरोध कसला? ती घरं चौविहार पाळतात. सूर्य मावळला की त्यांचं खाणं बंद होतं आणि नेमकं त्याच मिनिटाला रोजेदारांचं सुरू होतं. या दोघांना एका पंगतीला बसवायचं तर सूर्यालाच विनंती करावी लागेल.

तेव्हापासून आम्ही इफ्तार ठेवत नाही. ईदनंतरच्या एखाद्या रविवारी दुपारी चारला शीरखुर्मा असतो. काय, कधी, किती, हे ज्यांच्या घरी ईद असते तेच सांगतात. मी फक्त खुर्च्या लावतो. बाजूला कांदा-बटाटा न घातलेल्या पदार्थाचं वेगळं भांडं असतं आणि त्याचा डाव वेगळा. “व्हेज आहे ना, मग झालं!” म्हणणाऱ्याला मी पावभाजीत काय काय पडतं ते मोजायला सांगतो.

एक घर म्हणजे अख्खा धर्म नव्हे

ही माझी दुसरी डोकेदुखी. भोंग्यांचा वाद पेटला, विचारा चाचांना. हलाल म्हणजे काय, चाचा सांगतील. दूर कुठल्या देशात युद्ध झालं तरी लिफ्टमध्ये खुलासा चाचांनीच द्यायचा. २६ जानेवारीला चार मुलांना टोपी, पगडी, क्रॉस आणि टिळा लावून स्टेजवर उभं करायचे, त्यात टोपी दरवर्षी त्यांच्याच नातवाच्या डोक्यावर. पोराला एकदा शिवाजी महाराजांचा मावळा व्हायचं होतं. “मग मुसलमान कोण होणार?” असं आमच्या एका ताईंनी निरागसपणे विचारलं. तो कार्यक्रम मी त्याच वर्षी बंद पाडला. अजूनही काहीजण माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालेल.

पाटी वाचून धर्म ठरवणं

ही चूक मी स्वतः केली, आणि मी खारकर आळीत वाढलेला, म्हणजे मला सबब नाही. कोपिनेश्वर, तलावपाळीजवळचं चर्च, अग्यारी आणि टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग, सगळं चालत गाठण्याच्या अंतरावर. तरी आडनाव ‘-कर’ दिसलं म्हणून नव्या शेजाऱ्यांचं नाव न विचारता गणपतीच्या आरतीच्या पाळीत घातलं. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू निघाले. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यात आहेत, पारकर कोकणी मुसलमानांतही आहेत. वहिनी हसून म्हणाल्या, “आरतीला येईन, मागे उभी राहीन. ताट मात्र हातात देऊ नका.” उभं राहणं वेगळं आणि ताट धरणं वेगळं. बौद्ध घरांच्या बाबतीतही हाच घोळ होतो; नकार मिळाला की लोक फुगतात. मी आता पाळीचा कोरा कागद लिफ्टजवळ लावतो. ज्याला हवं तो आपलं नाव लिहितो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

गुड फ्रायडेला आणि मोहरमला ग्रुपवर ‘हार्दिक शुभेच्छा’ टाकू नका, ते दुःखाचे दिवस आहेत. पतेती हा पश्चात्तापाचा दिवस. शुभेच्छा दुसऱ्या दिवशी, नवरोजला.

रविवारी सकाळी श्रमदान ठेवायचं आणि मग ख्रिस्ती शेजारी सहकार्य करत नाहीत म्हणायचं, हे थांबवा. ते मिस्साला गेलेले असतात.

सणाची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात घुसवू नका. वेगळी पावती, ऐच्छिक.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा. शेजारच्या मशिदीचे डेसिबल मोजायला निघण्याआधी आपल्या मंडपाचे मोजा.

मागच्या वर्षीची फाइल उघडून फक्त साल बदलणाऱ्यांसाठी: हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२३मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि सरकारने ईदची सुट्टी २९ला दिली. त्यासाठी माणसं आधीच समोरासमोर बसली होती. आमचे नवे सदस्य अशा वेळी “व्हॉट्सॲपवर पोल टाकूया” म्हणतात. दोनशे घरांत पाच घरांची अडचण पोलवर टाकली तर निकाल काय लागणार? मी जानेवारीत नवं कॅलेंडर घेतो आणि त्या पाच घरी चहाला जातो. वेळ लागतो. प्रत्येक घरी गुडघेदुखीची चौकशी आधी होते, मुद्दा नंतर.

चाचांना काय हवं होतं, तेही असंच एका चहात कळलं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस; त्यांना टँकरच्या बिलांवर बोलायचं होतं, पण पाण्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. आता पाणी समिती त्यांच्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्याच विंगचा सकाळचा पुरवठा वीस मिनिटांनी कमी केला आणि वर मलाच मीटर दाखवून अर्धा तास हिशेब समजावला.