जोडीदार दारू सोडतोय: पहिले चार दिवस घरी कसे सांभाळावेत

गटारी झाली की उद्यापासून श्रावण, बाटलीला हात लावणार नाही, असं नवरा म्हणतो. किंवा पंढरीची माळ घालतो, किंवा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. घरात सगळ्यांचे डोळे भरून येतात. अधूनमधून पिणाऱ्या माणसाचा श्रावण सहज पार पडतो. पण रोज, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू बंद केली तर त्याला फिट येऊ शकते, तो भ्रमात जाऊ शकतो आणि उपचार मिळाले नाहीत तर त्याचा जीवही जाऊ शकतो. त्याचा निर्धार खरा असेल, तर तो सुखरूप पार पडावा म्हणून काय करायचं ते इथे लिहितो आहे. पिणारी व्यक्ती पत्नी असली तरी यातलं सगळं तसंच लागू आहे.

असं का होतं, ते आधी थोडक्यात. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणावर मात करायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की मंदावणारं काही उरत नाही, पण वाढलेली उत्तेजना तशीच राहते. थरथर, घाम, धडधड, फिट, भास हे सगळं त्यातून येतं. याला विथड्रॉवल म्हणतात. मन खंबीर असलं की हे टळतं, असं मुळीच नाही.

पहिली पायरी: तारीख ठरवण्याआधी धोका ओळखा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? थोडी घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, सही करता येत नाही, असं आहे का? रोज किती घेतो? १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे 'फक्त एक क्वार्टर' हेही कमी नाही. पूर्वी कधी दारू तुटल्यावर फिट आली होती का, तो बरळला होता का?

पूर्वी फिट किंवा भ्रम झाला असेल, तर घरी प्रयत्न करूच नका, थेट दवाखान्यात भरती करा. कावीळ किंवा लिव्हरचा आजार, हृदयविकार, अपस्मार, डोक्याला झालेली इजा, अंगात ताप, झोपेच्या गोळ्यांची सवय, उतारवय किंवा गरोदरपण असेल तरीही तेच. शिवाय घरात सोबतीला तुमच्याशिवाय दुसरं कुणी मोठं माणूस नसेल, तर तेवढं एक कारणही भरतीसाठी पुरेसं आहे.

दुसरी पायरी: आधी डॉक्टर, मग दारू बंद

जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे दोघांनी मिळून जा. कुठे जावं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, दोन्ही मोफत आहेत. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. लाजेपोटी निम्मं सांगितलं तर औषधही निम्मंच पडेल.

डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळाली असेल, तर तोवर घरातल्या बाटल्या मोरीत ओतू नका. ज्या बाईने इतकी वर्षं त्या बाटल्यांचा जाच सोसला, तिला हे सांगणं कठीण आहे, मला कळतं. पण हात थरथरेपर्यंत व्यसन पोचलेल्या माणसाची दारू घरच्यांनी परस्पर तोडणं धोक्याचं आहे. कधी थांबवायची आणि कशी, ते डॉक्टर ठरवतील.

चहा-भाजीत गुपचूप मिसळायच्या 'दारू सोडवणाऱ्या' पावडरी तर अजिबात नकोत. त्यात डायसल्फिराम असू शकतं. त्याच्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

तिसरी पायरी: गोळ्या आणि ब१

घरी चालेल असं डॉक्टर म्हणाले, तर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारख्या गोळ्या देतील. डोस दिवसागणिक कमी होत जातो. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि प्रत्येक वेळी मोजून द्या. तो गुंगीत असेल, जीभ जड झाली असेल तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. मधेच दारू प्यायला तर गोळी देऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. अशा वेळी भांडण नको, फोन करा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणणं हा उपाय नाही.

दुसरं औषध थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी असतं आणि पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला इंजेक्शन लागू शकतं. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की ग्लुकोजचं सलाइन लावून घेण्याची पद्धत आहे. ब१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सलाइन लावण्याआधी स्पष्ट सांगा: "हे रोज दारू पिणारे आहेत, ब१ दिलंय का?" यात उद्धटपणा काही नाही.

चौथी पायरी: घर आणि घड्याळ

शेवटचा पेला किती वाजता घेतला, ते वहीत लिहा. पुढचं सगळं त्यावरून मोजायचं आहे.

६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, चिडचिड सुरू होते, झोप लागत नाही. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. भासही पहिल्या दिवसापासून होऊ शकतात. आणि सगळ्यात घातक अवस्था, डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे जोराच्या थरथरीसोबत येणारा भ्रम, साधारण ४८ ते ९६ तासांत येते. म्हणजे घरच्यांना वाटतं, दोन दिवस निघाले, आता सुटलो, आणि नेमकी तिसरी रात्र अवघड जाते. पाहुण्यांनी निघून जायची किंवा तुम्ही कामावर परतायची वेळ ती नव्हे.

खोलीत रात्रभर मंद दिवा ठेवा. गाडीची किल्ली, सुरी-कोयता, कीटकनाशक नजरेआड करा. गच्चीचं दार लावून घ्या, कारण भ्रमात माणूस पळत सुटतो, कुणी मारायला आलंय असं वाटून उडीही टाकतो. पेज, ताक, मऊ वरणभात, ओआरएस थोडं थोडं देत राहा, चहा-कॉफी कमी. दर तीन-चार तासांनी ताप बघा, हात पुढे करायला सांगून थरथर बघा आणि विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, मी कोण? उत्तरं वहीत टिपा, डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो.

रात्री आलटून पालटून जागा. भाऊ, दीर, नणंद, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला आधीच बोलावून ठेवा. चार रात्री एकटीने जागणं कुणालाच जमत नाही.

पाचवी पायरी: १०८ कधी

फिट आली. नसलेली माणसं, किडे, जनावरं दिसू लागली. वार, जागा, माणसं ओळखता येईनात. ताप चढला. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली. पाणीही पोटात टिकेना. छातीत दुखू लागलं. चालताना झोक जातो, एकाचे दोन दिसतात. हलवूनही जागा होत नाही. मरणाची भाषा करतो. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, वेळ बघा. तोंडात चमचा नको, बोट नको, पाणी नको. कांदा-चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. फिट आपोआप थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण पाठोपाठ दुसरी येऊ शकते.

भास होत असतील तर "काही नाहीये तिथे" म्हणून वाद घालू नका. मोठा दिवा लावा, नावाने हाक मारा, हळू आवाजात सांगा, "मी आहे, तुम्ही घरी आहात, गाडी येतेय." बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. दोरीने बांधून ठेवणंही जिवावर बेतू शकतं.

तो अंगावर आला तर मुलांना घेऊन आधी बाहेर पडा, मग फोन करा: ११२, किंवा महिलांसाठी १८१. आजारपण असलं तरी मार खात थांबायचं नाही.

आणखी एक प्रसंग

मोटरसायकलवरून पडून पाय मोडला, किंवा पोटाचं ऑपरेशन ठरलं, म्हणून माणूस भरती होतो. तिथे दारू आपोआप बंद होते आणि तिसऱ्या दिवशी तो सलाइन उपसून बरळू लागतो. घरच्यांनी अब्रूसाठी दारूचा उल्लेखच केलेला नसतो. भरती करतानाच सांगा: रोज पितात, इतकी पितात, शेवटची अमुक वाजता घेतली.

पाचव्या दिवसानंतर

थरथर थांबली, झोप लागू लागली, म्हणजे विथड्रॉवल ओसरलं. व्यसनाचा उपचार इथून पुढे सुरू होतो. डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, तिथे किंवा जवळच्या केंद्रात चौकशी करा. त्याच्यासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा आहेत, तुमच्यासाठी अल-अॅनॉन या घरच्यांच्या गटाच्या. त्याने जायला नकार दिला तरी तुम्ही जा.

आणि तो पुन्हा प्यायला लागला तर एक लक्षात ठेवा: दर वेळी दारू तोडताना विथड्रॉवल आधीपेक्षा तीव्र होऊ शकतं. मागच्या श्रावणात घरीच निभावलं म्हणून याही वेळी निभावेल असं धरून चालू नका. ती वही जपून ठेवा आणि पुढच्या वेळी तो "आजपासून बंद" म्हणाला, की ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.